मुंबईच्या फ्लॅटमध्ये टॉर्चवर काचेचे मणी घडवता येतील का?

काचमणी_मुलुंड

नमस्कार. मी तयार मणी ओवून गळ्यातली आणि कानातली करते. मणी बहुतेक भुलेश्वर आणि मशीद बंदर भागातून आणते. गेल्या काही काळापासून मणीसुद्धा आपणच घडवावेत असे मनाने घेतले आहे. टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची आणि ती पोलादी सळईवर गुंडाळून मणी करायचा, या पद्धतीविषयी बरेच वाचले. पण ते लिहिणाऱ्यांकडे गॅरेज असते, मागे अंगण असते. आमचे घर मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, आणि मोकळी म्हणावी अशी जागा म्हणजे ग्रिल लावून बंदिस्त केलेली बाल्कनी.

टॉर्च कोणता घ्यावा, गॅस कोणता वापरावा, काच कुठली घ्यावी, आणि मणी झाल्यावर तो भट्टीत ठेवलाच पाहिजे का, हे माझे प्रश्न आहेत. यातले काहीच घरात करू नये असे कोणाचे मत असेल तर तेही कारणांसह सांगावे. पैसे घालण्याआधी हे समजून घ्यायचे आहे.

परळचा_काचकामगार

ताई, मी प्रयोगशाळांच्या काचकामात आयुष्य काढले आणि आता निवृत्त आहे. दागिन्यांचे मणी हा माझा धंदा नव्हता, पण ज्योत आणि काच तीच. टॉर्च कोणता, हे तुम्ही आधी विचारलेत, पण मी सुरुवात काचेपासून करतो, कारण काच ठरली की ज्योत आपोआप ठरते.

मणी करणारे मुख्यतः दोन जातींची काच वापरतात. एक मऊ, म्हणजे सोडा-चुन्याची काच. इटलीतल्या मुरानोच्या पद्धतीच्या रंगीत कांड्या याच जातीच्या असतात. दुसरी बोरोसिलिकेट, जिच्यापासून प्रयोगशाळेतली चंचुपात्रे आणि परीक्षानळ्या करतात. मऊ काच लवकर वितळते, तिच्यात रंग भरपूर मिळतात आणि साध्या ज्योतीवरही ती चालते. बोरोसिलिकेटला खूप जास्त उष्णता लागते, त्यामुळे तिच्यासाठी ऑक्सिजनची जोड असलेला टॉर्च हवाच. मात्र ती तापमानातला अचानक फरक अधिक सोसते.

या दोन्ही काचा एका मण्यात कधीही एकत्र करू नका. तापल्यावर काच किती फुगते याचा एक आकडा प्रत्येक कांडीच्या पाकिटावर दिलेला असतो. मुरानो पद्धतीच्या मऊ काचेसाठी तो १०४ असतो, बोरोसिलिकेटसाठी ३३. अर्थ असा की तापमान एका अंशाने वाढले तर मऊ काच आपल्या लांबीच्या एक कोटी भागांमागे १०४ भाग वाढते आणि बोरोसिलिकेट ३३ भाग. निवताना एक थर जास्त आक्रसतो, दुसरा कमी, आणि जोडावर तडा जातो. कधी तो लगेच दिसतो, कधी मणी गळ्यात घातल्यावर पंधरा दिवसांनी.

तुमच्यासाठी मऊ काच योग्य, असे मला वाटते. गॅसचे नंतर लिहितो, तो विषय मोठा आहे.

ठाणे_गच्ची

मी ठाण्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हेच काम करते, म्हणून टॉर्चबद्दल लिहिते.

टॉर्च दोन प्रकारचे मिळतात. पहिल्यात फक्त गॅस लागतो, आणि ज्वलनासाठीची हवा तो भोवतालातून ओढून घेतो. तो स्वस्त आहे, जोडणी सोपी आहे, पण आवाज मोठा करतो आणि मोठ्या मण्यावर फार सावकाश चालतो. दुसऱ्यात गॅस आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांतून येतात आणि टॉर्चच्या तोंडाशी मिसळतात. त्याची ज्योत शांत, टोकदार आणि खूप गरम असते. ऑक्सिजनसाठी मी सिलिंडर घेतला नाही. २०२१ च्या करोनाच्या लाटेत आमच्या नात्यातल्या एकांनी मिनिटाला ५ लिटर देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. ते नंतर पडूनच होते, ते मी त्यांच्याकडून घेतले. हे यंत्र हवेतला नायट्रोजन वेगळा काढते आणि साधारण ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देते. लहान टॉर्चला तेवढा पुरतो. दाबाखाली साठवलेला ऑक्सिजन घरात येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र ज्योत बंद असताना यंत्र चालू ठेवायचे नाही, कारण बंदिस्त जागेत ऑक्सिजन वाढला की कपडे आणि केससुद्धा भराभर पेट घेतात.

पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. हा क्रम हाताला इतका बसला पाहिजे की त्यासाठी विचार करावा लागू नये.

सचिव_दादर

मी एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. कौतुकाच्या सुरात विरजण घालायची इच्छा नाही, पण ताईंनी विरुद्ध मत मागितले आहे, म्हणून लिहितो.

तिसऱ्या मजल्यावरची बंदिस्त बाल्कनी ही या कामासाठी सगळ्यांत वाईट जागा आहे. बाहेर पडण्याचा रस्ता घरातून आहे, ग्रिल आहे, वर वाळत घातलेले कपडे आहेत, बहुधा प्लॅस्टिकच्या पन्हळीचे छप्परही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा राखण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर असते. घराचा किंवा इमारतीचा विमा असेल तर निवासी जागेत असे काम चालते हे विमा कंपनीला कळवलेले नसणे हा दावा नाकारण्याचा मुद्दा होऊ शकतो. शेजाऱ्यांचा हक्क हा कागदावरचा मुद्दा नाही. तुमच्या भिंतीपलीकडे एखाद्याची आई झोपलेली असते.

माझे मत असे की हे काम रहिवासी इमारतीत करू नये. औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घ्यावा किंवा गावाकडच्या घरी करावे.

जोगेश्वरी_मीरा

सचिवसाहेबांचा मुद्दा इतिहासालाही धरून आहे. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या, त्यामागे आगीची भीती हे मोठे कारण होते.

पण त्यातच दुसरीही बाजू आहे. तिथे शहराबाहेर गेल्या त्या काच वितळवण्याच्या मोठ्या भट्ट्या. ज्योतीवर मणी करण्याचे काम पुढे व्हेनिसमध्ये घराघरांत, विशेषतः बायकांच्या हातून, शतकानुशतके चालू राहिले. इटली आणि फ्रान्समधल्या काचेच्या मण्यांच्या कलेला युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादला बांगडीची दोन टोके ज्योतीवर जोडण्याचे काम आजही मोठ्या प्रमाणात घरीच होते, आणि तेही बहुतेक बायकाच करतात. म्हणजे घरात ज्योतीवर काच चालते. प्रश्न असा आहे की ती कोणाच्या तब्येतीच्या किमतीवर चालते. फिरोजाबादच्या घरांत हवा खेळती नसते, डोळ्यांना चश्मा नसतो, आणि घरातली मुले शेजारीच बसलेली असतात. त्या बायका करतात म्हणून आपणही तसेच करावे, असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांनाही ते तसे करावे लागू नये.

परळचा_काचकामगार

गॅसचे लिहायचे राहिले होते.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला लावू नका. अनुदान असो वा नसो, घरगुती गॅस स्वयंपाकासाठी आहे, आणि एलपीजीच्या पुरवठा व वितरणासंबंधीच्या २००० सालच्या आदेशानुसार त्याचा इतर वापर हा गुन्हा आहे. त्यापेक्षा ५ किलोचा बाजारभावाने मिळणारा लहान सिलिंडर घ्यावा, किंवा गाळा असेल तर १९ किलोचा व्यावसायिक. पाइपचा गॅस असलेल्या घरात त्या नळीला टॉर्च जोडायचा विचारही करू नये. त्याचा दाब फार कमी असतो, आणि त्या जोडणीला गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाशिवाय कोणी हात लावायचा नसतो.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साठून राहतो. बाल्कनीच्या कठड्याखाली, ओट्याखाली, गटाराच्या जाळीत. म्हणून हवा जाण्याची सोय जमिनीलगतही हवी. खिडकी फक्त वर असून भागत नाही. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, तो हलका, तो वर जातो. एका वायूसाठी केलेली सोय दुसऱ्याला लागू पडत नाही.

जोडणीच्या वेळी एक गोष्ट लक्षात येईल. गॅसच्या नळीच्या नटाचे आटे उलटे असतात आणि त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. ऑक्सिजनचा नट सरळ आट्याचा असतो. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणूनच ही रचना केलेली आहे, तेव्हा बसत नाही म्हणून जोर लावू नका. ऑक्सिजनच्या कोणत्याही जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, तिथे तेल आपोआप पेट घेऊ शकते. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे जाऊ न देणारी झडप बसवा. वेल्डिंगचे सामान विकणारे नागदेवी स्ट्रीटवरचे दुकानदार तिला फ्लॅशबॅक अरेस्टर म्हणतात.

विलेपार्ले_१

काका, लहान सिलिंडर काम करताना बाहेरून ओला आणि गार होतो. त्यात काही धोका आहे का?

परळचा_काचकामगार

आतला द्रव गॅस होताना उष्णता शोषतो, म्हणून सिलिंडर गार होतो आणि मुंबईच्या दमट हवेतले पाणी त्यावर जमते. धोका नाही, पण गार झाला की दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे, तो उन्हात ठेवणे किंवा आडवा करणे, यातले काहीही करायचे नाही. काम थांबवा आणि त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कल्याण_शिल्पा

भट्टीच्या प्रश्नावर माझे मत वेगळे आहे. मी बरीच वर्षे मणी करते आणि माझ्याकडे भट्टी नाही. मणी झाला की लाली जाईपर्यंत ज्योतीच्या बाहेर फिरवत ठेवायचा आणि मग गरम केलेल्या वर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे रोपवाटिकेत मिळणाऱ्या त्या अभ्रकासारख्या हलक्या दाण्यांत, पुरून टाकायचा. दुसऱ्या दिवशी काढायचा. माझे मणी लोक वापरत आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला भट्टीच्या खर्चाने घाबरवू नये, असे मला मनापासून वाटते.

परळचा_काचकामगार

शिल्पाताई, तुमच्या अनुभवाला मी नाकारत नाही, पण वर्मिक्युलाइट काय करते आणि काय करत नाही हे वेगळे करून पाहावे लागेल.

मणी निवताना बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला मागून आक्रसतो. त्या ओढाताणीतून काचेत ताण अडकून राहतो. तो काढायचा तर काच एका ठरावीक तापमानाला काही वेळ स्थिर ठेवावी लागते, म्हणजे आतबाहेर सारखे होते. मऊ काचेसाठी हे तापमान साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सियस असते, बोरोसिलिकेटसाठी ५६५ च्या आसपास. अर्धा ते एक तास तिथे ठेवून मग ताशी ५०-६० अंशांच्या वेगाने साधारण ४०० पर्यंत उतरवायचे. याला ॲनीलिंग म्हणतात. वर्मिक्युलाइट निवण्याचा वेग कमी करते, त्यामुळे मणी हातात तडकत नाही. पण ते तापमान स्थिर धरत नाही, म्हणून ताण कमी होतो, जात नाही. लहान गोल मण्यात उरलेला ताण बेताचा असतो. मोठा, चपटा किंवा पानाच्या आकाराचा मणी असेल तर जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेळी निवतात आणि ताण बराच राहतो.

घाटकोपर_भौतिक

हा वाद घरच्या घरी तपासता येतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रयोग मुलांना करून दाखवतो.

संगणकाच्या किंवा लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडा. त्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवीत असतो. आता पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका कोनात पडदा जवळजवळ काळा दिसेल. गॉगल त्या कोनात स्थिर धरा आणि पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये पारदर्शक मणी आणा. ताण नसलेली काच काळीच दिसते. ताण असेल तिथे प्रकाश फुटतो. गोल मण्यात भोकाभोवती फुलीसारखी काळी आकृती आणि तिच्या चार कोनांत उजळ भाग दिसतो. ताण जितका जास्त तितका तो भाग उजळ. अपारदर्शक मण्यात हे दिसत नाही, म्हणून चाचणीसाठी त्याच मापाचा एक मणी साध्या पारदर्शक काचेचा करावा.

कल्याण_शिल्पा

आज करून पाहिले. वाटाण्याएवढे मणी जवळजवळ काळेच दिसले, कडेला किंचित उजेड होता. पानाच्या आकाराच्या लोलकात मात्र देठाजवळ आणि टोकाला लख्ख पांढरे पट्टे दिसले. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. लहान मण्यांसाठी वर्मिक्युलाइट हा तात्पुरता उपाय म्हणून चालतो. विकायचे ते सगळे आणि मोठे ते सगळे नंतर एकत्र भट्टीत घातलेच पाहिजेत. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांना कोणाच्या तरी भट्टीत महिन्यातून एकदा जागा मिळाली तरी पुरे, असे आता म्हणेन.

जोगेश्वरी_मीरा

हे फार उपयोगी आहे. भौतिकवाल्या सरांचे आभार. माझ्या गॉगलला एवढे काम असेल असे वाटले नव्हते.

डॉ_सायन

डोळे आणि श्वास, या दोन गोष्टींवर कोणीच विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहितो.

काचेतला सोडियम ज्योतीत पिवळाधमक उजेड देतो. त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असते. त्या झळाळीमागे काम दिसतच नाही. डिडिमियमचा चश्मा नेमका तोच पिवळा अडवतो आणि वितळलेली काच स्पष्ट दिसू लागते. पण हा चश्मा अवरक्त किरण फारसे अडवत नाही. पूर्वी भट्टीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या काचकामगारांना मोतीबिंदू लवकर होत असे, हे वैद्यकात जुने आणि ठाऊक निरीक्षण आहे. मऊ काचेचे लहान मणी करताना हा धोका कमी असतो. बोरोसिलिकेटसाठी मात्र अवरक्तही अडवणारी गडद काच हवी. काळा गॉगल यातले काहीच करत नाही.

ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही पहिली लक्षणे आपण उन्हाच्या नावावर खपवतो. वर धूर खेचणारा आणि तो इमारतीबाहेर सोडणारा पंखा, आणि समोरून किंवा पाठीमागून ताजी हवा आत येण्याची वाट, ही दोन्ही लागतात. स्वयंपाकघरातली जी चिमणी हवा गाळून परत खोलीतच सोडते, ती इथे निरुपयोगी आहे. एसी लावून दारे बंद करून हे काम कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र भिंतीवर असावे.

मणी सळईला चिकटून बसू नये म्हणून तिच्यावर दिलेला लेप आणि मण्याच्या भोकातली त्याची पूड कोरडी खरवडू नका, तिच्यातली सूक्ष्म धूळ फुप्फुसाला घातक असते. सळई पाण्यात भिजवून, मणी पाण्याखालीच साफ करावा. भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातले काही लावू नये. कामाच्या वेळी सुती कपडे घालावेत, ओढणी नको, केस बांधलेले असावेत.

काचमणी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. सचिवसाहेब, तुमचा मुद्दा मला पटतो आहे, आणि परळकर काकांचे जमिनीलगत साठणाऱ्या गॅसचे वाचल्यावर बाल्कनीचा विचार डळमळला आहे.

सरावासाठी काच म्हणून फुटलेल्या बांगड्या आणि रिकाम्या बाटल्या चालतील का? परदेशी कांड्या महाग आहेत आणि सुरुवातीला बरीच काच वाया जाईल.

ठाणे_गच्ची

बाटल्या सरावाला चालतात, एका अटीवर: एका मण्यात एकाच बाटलीची काच. प्रत्येक कारखान्याचे मिश्रण वेगळे असते, त्यामुळे हिरव्या बाटलीवर तपकिरी बाटलीचा ठिपका दिलात तर तो टिकेल याची काहीच खात्री नसते. बांगड्यांचेही तेच, शिवाय त्यांवरचा सोनेरी मुलामा ज्योतीत जळून काळा पडतो. बाटलीची काच मुरानोच्या कांडीपेक्षा घट्ट असते आणि लवकर आखडते, म्हणून तिच्यावर हात बसला की कांडी सोपी वाटते. तुकडे पूर्ण कोरडे हवेत, आणि ज्योतीत एकदम न नेता दुरून हळूहळू आत आणावेत, नाहीतर टवके उडतात.

हाताचे काम थोडे सांगते. सळईवरचा लेप पूर्ण वाळलेला हवा. आपल्या पावसाळ्यात तो रात्रभरातही वाळत नाही, म्हणून ज्योतीच्या कडेला धरून वाळवावा लागतो. कांडीचे टोक वितळून गोळा झाला की सळईचा तेवढाच भाग नारंगी होईपर्यंत तापवायचा, मग गोळा टेकवायचा आणि सळई आपल्यापासून दूर फिरवत काच गुंडाळायची. सळई गार असेल तर काच धरत नाही, आणि फिरवणे थांबले तर मणी एका बाजूला लोंबतो. मण्याची दोन्ही तोंडे पाहा. चांगल्या मण्याच्या भोकाभोवती काच आत वळून खळगी पडलेली असते. तोंडाशी काच धारदार राहिली तर ती दोरा कापते, आणि तुम्ही ओवणाऱ्या आहात, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त महत्त्वाचे.

नेरूळ_अस्मिता

रंगांचे एक उदाहरण देते. फिरोजी कांडीत तांबे असते आणि हस्तिदंती रंगाच्या कांडीत गंधक. दोन्ही एकमेकांवर ठेवले की जोडावर बारीक काळपट रेघ उमटते. काही जण ती मुद्दाम आणतात, नदीकाठच्या वाळूसारखा देखणा परिणाम मिळतो. ज्योतीत गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी असला तर फिरोजीवर विटकरी लाल साय येते, तेही तांब्यामुळेच. फक्त गॅसवर चालणाऱ्या टॉर्चला हा त्रास जास्त होतो. मणी ज्योतीच्या टोकाकडे, जरा दूर धरला तर रंग स्वच्छ राहतो.

कोल्हापूर_ते_करीरोड

थोडे मूळ विषयाच्या कडेचे लिहितो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात काचेच्या बांगड्या आणि मणी सापडले होते, आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञाने भारतीय काचेचा सखोल अभ्यास केला. आंध्रातल्या पापनायडूपेटा गावात काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करून मणी करतात, तर उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरला भट्टीवर सळईभोवती गुंडाळून करतात. मंगळसूत्रातला काळा मणी आपण इतका गृहीत धरतो की तो कोणाच्या तरी भट्टीतून निघालेला असतो हे मनातही येत नाही. मुंबईत कोणी मराठी माणूस हातांनी काळे मणी घडवणार असेल तर मला पहिली पोत घ्यायला आवडेल.

सचिव_दादर

वरचे सगळे वाचले. माझा आक्षेप ज्योतीला आणि साठवलेल्या गॅसला आहे. विजेच्या लहान भट्टीला मी तितका विरोध करणार नाही. ती बंद पेटी असते आणि योग्य जोडणी असेल तर घरातल्या ओव्हनपेक्षा फार वेगळी नसते. हे दोन भाग वेगळे करता येत असतील तर प्रश्न बराच सुटेल.

परळचा_काचकामगार

नक्कीच करता येतात. शिल्पाताईंच्या चाचणीतून तेच निघाले. टॉर्च एका जागी आणि भट्टी दुसऱ्या जागी असू शकते. मणी कामाच्या ठिकाणी वर्मिक्युलाइटमध्ये किंवा सिरॅमिकच्या लोकरीत गार करायचे, घरी आणायचे आणि आठवड्याचे सगळे एकदम भट्टीत घालायचे. अट इतकीच की भट्टी थंड असताना मणी आत ठेवावेत आणि तापमान ताशी २०० अंशांपेक्षा वेगाने चढवू नये, कारण आत आधीच ताण असतो. सुरुवातीला दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे मणी या पद्धतीने करू नका.

काचमणी_मुलुंड

मग माझे ठरले. बाल्कनीत टॉर्च नाही. भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या बाईंचा मिनाकामाचा गाळा आहे. हवा बाहेर टाकणारा पंखा, अग्निशामक आणि व्यावसायिक सिलिंडर तिथे आधीपासून आहेत. त्या मला शनिवार-रविवार एक टेबल द्यायला तयार आहेत. टॉर्च तिथे, भट्टी घरी. सचिवसाहेब, आमच्या सोसायटीला भट्टीबद्दल लेखी कळवते आहे. करीरोडच्या दादांची पोत लक्षात ठेवली आहे, पण ती ॲनील झाल्यावरच मिळेल.

भट्टी घेताना काय पाहावे?

घाटकोपर_भौतिक

तापमान नुसते मोजणारी नको, पायऱ्या ठरवून देता येतील असा नियंत्रक हवा, म्हणजे चढणे, थांबणे आणि उतरणे हे सगळे रात्रीत आपोआप होते. तापमान मोजणारी तार के प्रकारची असते. तिचे टोक भट्टीच्या भिंतीला न टेकता मण्यांच्या उंचीवर असले पाहिजे, नाहीतर पडद्यावरचा आकडा आणि मण्याचे खरे तापमान यांत फरक पडतो. ५२० दाखवते तेव्हा खरेच ५२० आहे का, हे पहिल्याच वेळी त्या पारदर्शक मण्याने आणि एलसीडीच्या पडद्याने तपासा.

ठाणे_गच्ची

भट्टीला १६ ॲम्पिअरची स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. खाली सिमेंटचा पत्रा ठेवा आणि भिंतीपासून वीतभर तरी अंतर सोडा. भांडुपला पहिल्या शनिवारी मीही येऊ शकेन. माझ्याकडे जादा सळया आणि लेप आहे, ते घेऊन येते. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही, ते आपण दोघी मिळून करू.